हुकमाचं चौथं पान

मंडळी, आज मला ब्रिजमधल्या एकाच पानाबद्दल बोलायचं आहे. भिडूने १ इस्पिक म्हटलं, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सात हातांची बोली लावली, आणि तुमच्याकडे इस्पिकाची तीन नाही, चार पानं आहेत. ते चौथं पान तुमच्या बोलीतून त्याला कळतं का? आपण पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) प्रामाणिकपणे सांगतो आणि नेमकं हे सांगायचं राहून जातं.

ओपनरची, म्हणजे पहिली बोली लावणाऱ्या भिडूची, पानं लिहून घ्या. इस्पिक एक्का-राणी-१०-६-४, बदाम ९-७-६-२, चौकट राजा-३, किलवर एक्का-५. एकूण १३ पॉइंट.

समोर आधी ही पानं ठेवा: इस्पिक राजा-८-३, बदाम ८-५-४, चौकट एक्का-९-६-४, किलवर ८-७-३. म्हणजे ७ पॉइंट. बदामाचे ३ आणि किलवरचा १ हात द्यावाच लागतो. हुकमाचे ५, चौकटीचे २, किलवरचा १ असे आपले ८ झाले. चौथं बदाम डमीत, म्हणजे समोर उघड्या मांडलेल्या पानांत, हुकमाने कापता आलं तर ९.

आता पानं बदला: इस्पिक राजा-८-७-३, बदाम फक्त ५, चौकट एक्का-९-६-४-२, किलवर ८-७-३. पॉइंट तेच, ७. पण आता बदामाचा एकच हात द्यायचा, बाकीची बदामं डमीत कापायची. विरोधकांनी सुरुवातीला हुकूम खेळला, बदामावर हात मिळाल्यावर पुन्हा हुकूम खेळला, तरी डमीत दोन हुकूम उरतात. १० हात होतात. दोन्हीकडचे मिळून जेमतेम २० पॉइंट आणि गेम, म्हणजे मोठा बोनस देणारी ४ इस्पिकची बोली! जुन्या पद्धतीत या दोन्ही पानांवर आपण २ इस्पिक म्हणायचो आणि ओपनर दोन्ही वेळा पास करायचा. टीम सामन्यात व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले) असताना ६२० च्या जागी १७० लिहिले की १० आयएमपी, म्हणजे टीम सामन्यातले गुण, गेले.

अमेरिकन खेळाडू आणि लेखक मार्टी बर्गेन यांनी नेमकी हीच दुखरी जागा धरली. १ इस्पिक किंवा १ बदामावर ३ किलवर म्हणजे चार हुकूम आणि साधारण ७ ते ९ पॉइंट. ३ चौकट म्हणजे चार हुकूम आणि १० ते १२. त्याच रंगात थेट ३ म्हणजे चार हुकूम पण पानं अगदी दुबळी, विरोधकांची वाट अडवण्यापुरती. यामागे ज्याँ-रने व्हेर्न यांचा १९६० च्या दशकात मांडलेला एकूण हातांचा नियम आहे. दोघांत मिळून नऊ हुकूम असतील तर तिसऱ्या पातळीपर्यंत जायला घाबरू नका, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. नऊ हुकूम असले की बाहेरचे चार २-२ किंवा ३-१ वाटले जाण्याची शक्यता ९० टक्के असते, हेही ध्यानात असू द्या.

आता उलट्या बर्गेनकडे येतो. पुष्कळ भिडू ३ किलवर आणि ३ चौकट यांची अदलाबदल करतात, म्हणजे जोरदार पानांना ३ किलवर आणि हलक्यांना ३ चौकट. ओपनरकडे ताकद असेल तर स्लॅम (१२ किंवा १३ हात) शोधायला त्यात जागा मिळते, हे खरं. तरी मला मूळ पद्धतच पटते. समोर १० ते १२ आहेत म्हटल्यावर ओपनरला गेमचा निर्णय बहुतेक वेळा लगेच घेता येतो. अडतं ते ७ ते ९ वर, आणि जिथे अडतं तिथेच जागा हवी. आपल्या उदाहरणात १ इस्पिक, ३ किलवर झाल्यावर ओपनर ३ बदाम म्हणतो: "बदामात मला मदत हवी, आहे का?" समोर बदामाचं एकच पान आहे, तो आनंदाने ४ इस्पिक म्हणतो. हलक्या पानांना ३ चौकट ठेवलंत तर इस्पिकावर विचारायला एकच बोली उरते आणि बदामावर एकही नाही.

किंमत मोजावी लागते, नाही असं नाही. नव्या रंगातली ती उडी तुम्हाला दुसऱ्या कामाला उरत नाही. तीन हुकूम आणि ११ पॉइंट असतील तर आधी फोर्सिंग १ नोट्रम्पचा (बिनहुकमाची बोली, जिच्यावर भिडूने पास करायचा नाही) वळसा घ्यावा लागतो. गेम करण्याइतक्या किंवा त्याहून जोरदार पानांसाठी जॅकोबी २ नोट्रम्प आणि स्प्लिंटर या ठरलेल्या बोल्या आहेतच. त्यांवर वेगळं बसू.

पण मध्ये कोणी बोललं तर काय? एका स्पर्धेत माझ्या भिडूने १ बदाम म्हटलं, डावीकडून... म्हणजे माझ्या उजवीकडून विरोधकाचा डबल आला. माझ्याकडे चार बदामं, ८ पॉइंट आणि किलवरची दोनच बारीक पानं. मी ३ किलवरचं कार्ड टेबलावर ठेवलं. भिडूच्या लेखी डबलनंतर बर्गेन बंद होतं, त्याने पास केलं. त्याच्याकडे किलवरची तीन पानं. ४ बदामाचे १० हात समोर दिसत होते आणि आम्ही पाच किलवरांवर ९ हात करायला निघालो होतो. मला ते फार लागलं, कारण चूक दोघांचीही नव्हती. आम्ही चार संध्याकाळी बर्गेन घोटलं होतं आणि डबलचा विषयच काढला नव्हता.

त्या रात्रीच आम्ही सिस्टीमच्या कागदावर लिहून टाकलं: डबल आला तर ३ किलवर म्हणजे किलवर, आणि चार हुकूम व १० किंवा जास्त पॉइंट असले तर २ नोट्रम्प. ओव्हरकॉल, म्हणजे विरोधकांची दुसऱ्या रंगाची बोली, आला तर त्यांचाच रंग बोलायचा. तुमच्या कागदावर ही ओळ आहे का, ते चहाच्या वेळी भिडूला विचारा.