टेन्शन घेऊ नका म्हणजे नक्की काय करू?

आधी एक सांगा, हॉलमध्ये आल्याआल्या टॉयलेट कुठंय ते किती जणांनी बघून ठेवलं? हसताय काय, मी पण बघितलं, आणि दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरल्या त्या काय उगाच नाही भरल्या.

माझ्या सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या, डॉक्टर आयबीएस म्हणाले, म्हणजे टेस्टमध्ये काही सापडत नाही तरी पोट दुखत, बिघडत राहतं ते, आणि वर टेन्शन घेऊ नका म्हणाले, मग मी घरी येऊन टेन्शन न घ्यायचं टेन्शन घेत बसले. खरंतर हे दुखणं मनाचे खेळ वगैरे नाहीये. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं नसांचं जाळं असतं, 10 कोटींच्या वर पेशी, आणि मेंदूपर्यंत जी वेगस नर्व्ह जाते तिचे 80 टक्क्यांच्या आसपास तंतू खालचे निरोप वर नेतात, म्हणजे पोटच जास्त बडबडतं. टेन्शन आलं की जठर रेंगाळतं आणि मोठं आतडं मात्र घाई करतं, म्हणून वर जड जड आणि खाली कळ, दोन्ही एकदम! त्यात आपल्या आयबीएसवाल्यांतल्या बऱ्याच जणांचं आतडं जरा जास्तच हळवं, आत छोटा फुगा फुगवून तपासतात तेव्हा इतरांना नुसतं भरल्यासारखं वाटतं तिथं आपल्याला चक्क दुखतं.

(जा ना, आरामात जाऊन या, सॉरी कशाला.)

तर कामाचं, घरचं टेन्शन असतंच पण माझं मोठं टेन्शन पोटाचंच होतं, बाहेर पडताना एकदा जाऊन आले तरी चप्पल काढून परत एकदा, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा काही होत नसे, नुसती धाकधूक वाढायची. थेरपिस्टने सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या थेरपीत, पहिलं तेच बंद करायला लावलं, तिसरी फेरी बंद, मग काही आठवड्यांनी दुसरी. पहिले दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. जोडीला पोटातून श्वास, हात पोटावर, 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, रोज दहा मिनिटं, आणि हे पोट बरं असताना करायचं, कळ आल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर काही जमत नाही.

हिप्नोथेरपीला, म्हणजे संमोहनाला, मी आधी नाकच मुरडलं होतं, पण मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये औषधांनी बरं न वाटलेल्या 30 आयबीएस पेशंटपैकी निम्म्यांवर ती वापरून चांगला फरक दाखवलाय, त्यामुळे आता गप्प बसते.

मात्र संडासातून रक्त, वजन आपोआप उतरणं, रक्त कमी होणं, रात्री पोटाने झोपेतून उठवणं, किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानेच सुरू होणं, यातलं काही असेल तर श्वासबिस राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

आज घरून निघताना एकदाच गेले. चप्पल घालून दोन मिनिटं दारात उभी होते, मग निघाले.