खरखर वाचायची कशी

टेबलावरची ही इलेक्ट्रिक गिटार काल माझ्याकडे आली. मालकाची मागणी एका ओळीची होती : तारा खरखरतात, थोड्या वर घेऊन द्या. मी अजून काहीच केलेलं नाही, आज तुमच्यासमोरच बघू म्हटलं. ही तिसरी तार, नवव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या नवव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबली. ऐकलंत? आता दहाव्यावर. स्वच्छ. हा फरक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तारा वर घेतल्या की खरखर बहुधा थांबते, हे खरं. पण मग प्रत्येक सूर दाबायला जास्त जोर लागतो आणि जास्त दाबल्यामुळे तार ताणली जाऊन सूरही चढतो. म्हणून मी आधी विचारतो : खरखर कुठे येते? कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर? निम्मं निदान त्या उत्तरातच असतं.

त्याच्याही आधी ॲम्प लावून ऐका. इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकांमधून, येतो. नुसत्या हातात घेऊन वाजवताना जाणवणारी बारीक खरखर ॲम्पमधून कित्येकदा येतच नाही. ती येत नसेल आणि सूरही मध्येच मरत नसेल, तर मी तिला दोष मानत नाही. तारा खाली ठेवून वेगाने वाजवणारे तेवढी खरखर चालवून घेतात.

खरखर म्हणजे हलती तार वाटेतल्या फ्रेटला घासणं. तंबोऱ्यात हाच स्पर्श आपण मुद्दाम घडवतो. घोडीच्या किंचित गोलाईवर तार अलगद टेकत राहावी म्हणून जवारीचा दोरा सरकवत बसतो. गिटारमध्ये तो नको तिथे होतो, एवढंच. छेडलेली तार मध्यभागी सर्वांत जास्त हलते, टोकांशी कमी. तिच्या पोटाला जागा मिळावी म्हणून नेक, म्हणजे गिटारचा दांडा, अगदी सरळ न ठेवता किंचित आत वाकलेला ठेवतात. या वाकाला रिलीफ म्हणतात. 10 ते 46 गेजचा, म्हणजे तेवढे हजारांश इंच जाडीच्या तारांचा, नेहमीचा संच पूर्ण सुरात लावला की सहा तारा मिळून नेकला सुमारे 47 किलोच्या जोराने ओढतात. त्या ओढीला तोल द्यायला नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1921 मध्ये जुळवता येणाऱ्या रॉडच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज बहुतेक इलेक्ट्रिक गिटारमध्ये असा रॉड असतो.

आणि सगळ्यात जास्त छळही त्याचाच होतो. तारा उंच वाटल्या, फिरव ट्रस रॉड. खरखर आली, फिरव ट्रस रॉड. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रॉड नेकचा वाक ठरवतो. तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, ठरते ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे बॉडीवर तार जिथे टेकते त्या छोट्या तुकड्याने. वाक बदलला की उंचीही थोडी हलते, म्हणून गल्लत होते.

वाक मोजायला गिटार सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर केपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. आता तीच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली सुमारे 0.25 मिलिमीटर फट हवी. फटच नसेल तर खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटांवर जास्त येते. अशा वेळी रॉड सैल करायचा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. फट जास्त असेल तर आवळायचा. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. लाकूड सावकाश हलतं, म्हणून मी शेवटचं माप दुसऱ्या दिवशी घेतो. रॉड फिरवायचा नट फिरायला नाखूष असेल तर जोर करू नका. रॉड तुटला तर दुरुस्ती नेकच्या पोटात शिरून करावी लागते.

वाक ठीक झाल्यावरच सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2 आणि बारीक तारेखाली 1.2 ते 1.5 मिलिमीटर, इथून सुरुवात करा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर हवा असेल तर सॅडल एक मिलिमीटर उचलावं लागतं. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूर खरे लागतात का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे. हे आधी करून ठेवलंत तर उंची बदलल्यावर पुन्हा करावं लागेल.

फक्त मोकळी तार खरखरत असेल आणि कुठेही दाबली की स्वच्छ वाजत असेल, तर नेक आणि सॅडल सोडून नेकच्या वरच्या टोकाच्या नटकडे, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीकडे, बघा. त्याची खाच खोल गेलेली असते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसायला हवी. तार तिथे चक्क टेकलेली असेल तर नवा नट बसवणं हाच नीट उपाय.

आणि काही खरखर तारेची नसतेच. एकदा एका गिटारवर फक्त एकाच सुराला खरखर यायची. मी वाक तपासला, उंची तपासली, फ्रेटांवर भिंग धरलं, संध्याकाळ गेली. शेवटी हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या डोक्यावर, सहज हात टेकला आणि आवाज बंद! एका खुंटीची चकती सैल होती आणि नेमक्या त्या सुराला ती थरथरायची. तेव्हापासून आधी हात फिरवतो, मग पाना उचलतो. सॅडलचे स्क्रू, त्यांच्या स्प्रिंगा, ट्रस रॉडचं झाकण, सगळीकडे.

पिकअपचंही एक सांगतो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमध्ये पिकअपचे चुंबक तारांच्या फार जवळ आले तर ते जाड तारेला ओढतात. बॉडीकडच्या फ्रेटांवर सूर डळमळतो, दोन सूर एकदम वाजल्यासारखे वाटतात. फ्रेट घासून काहीही होणार नाही, पिकअप खाली उतरवा.

आता ही गिटार. वाक 0.25, उंची मापात, मोकळ्या तारा स्वच्छ, सैल काही नाही. नवव्यावर खरखर, आठव्यावर जराशी, दहाव्यावर नाही. म्हणजे दहावा फ्रेट संशयित. ही छोटी सरळ पट्टी नवव्या, दहाव्या आणि अकराव्या फ्रेटवर मिळून ठेवतो. तिसऱ्या तारेच्या खाली बघा, पट्टी झोपाळ्यासारखी डोलते. फ्रेट तेवढ्याच जागी लाकडातून उचलला गेलाय. नेकखाली आधार ठेवतो आणि नायलॉनच्या हातोडीने हलके दोन ठोके. आता पट्टी डोलत नाही. पुन्हा उचलला जाऊ नये म्हणून कार्यशाळेत नेऊन कडेने गोंदाचा थेंब सोडेन. पुन्हा तिसरी तार, नववा फ्रेट.

ऐका. तारा जिथे होत्या तिथेच आहेत.