पाच मिनिटांची शर्यत आणि उरलेला दिवस

आधी एक हिशेब मांडतो. ऑटोक्रॉसला तुम्ही पहाटे उठून जाता आणि संध्याकाळी उन्हानं रापून परत येता. एवढ्या वेळात फेऱ्या मिळतात फार तर सहा. एक फेरी ५० सेकंदांची धरली, तरी दिवसभरात गाडी पळवली ती पाच मिनिटं. मजा फक्त त्या पाच मिनिटांत शोधलीत, तर लवकरच कंटाळाल. मी कंटाळलो होतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठं मोकळं पार्किंग किंवा बंद पडलेली धावपट्टी, तिच्यावर नारिंगी कोन मांडून केलेला नागमोडी मार्ग, आणि एका वेळी एकच गाडी. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत एक कोन पाडला की वेळेत २ सेकंद चढतात, गेट, म्हणजे दोन कोनांमधली ठरलेली वाट, चुकलं तर फेरीच बाद. कोनाभोवती जमिनीवर चौकट आखलेली असते. कोन हलला, पण चौकटीला धरून उभा राहिला, तर दंड नाही. (ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गवत आणि माती येते. तो वेगळा खेळ.)

पहिल्या वर्षी माझी नजर सतत निकालाच्या कागदावर असायची. नाव खाली दिसलं की दिवस खराब. म्हणून चिकट रबराचे महागडे टायर घेतले. वेळ खरंच कमी झाली! पण त्या टायरमुळे गाडी वरच्या गटात गेली, आणि तिथे सगळ्यांकडेच तसले टायर. मी पुन्हा तळाशी, खिसा तेवढा हलका.

मग एका अनुभवी बाईंनी माझी गाडी चालवायला मागितली. मी शेजारी बसलो. माझीच गाडी, माझेच टायर, आणि वेळ माझ्याहून ३ सेकंदांनी कमी. गंमत म्हणजे गाडीत फार काही घडतच नव्हतं. मी ज्या वळणात टायर किंचाळवत शिरायचो, तिथे त्या आधीच ब्रेक लावून मोकळ्या व्हायच्या. नजर पुढच्या कोनावर नाही, त्याच्याही पुढच्यावर. त्या एका फेरीत मी वर्षभरात शिकलो नव्हतो तेवढं शिकलो, आणि स्टिअरिंगला हातही लावला नव्हता.

तेव्हापासून मला सकाळी, फेऱ्यांआधी, मार्गावरून पायी चालणं आवडू लागलं. पहिल्यांदा सगळं नारिंगी जंगलच दिसतं. उभ्या कोनाशेजारी आडवा ठेवलेला कोन कुठल्या बाजूनं जायचं ते सांगतो, म्हणून आधी ते हेरायचे. मग एकदा खाली वाकून चालायचं, कारण सीटवरून मार्ग तितक्याच उंचीवरून दिसणार आहे. स्लॅलममध्ये, म्हणजे एका ओळीतल्या कोनांना डावीकडून-उजवीकडून वळसे घालत जाताना, पहिल्या कोनाला उशीर झाला, तर चौथ्या कोनाला तो व्याजासकट फेडावा लागतो. हे गणित गाडीत बसल्यावर सुचत नाही, पायीच सुचतं.

आणि इतरांच्या फेऱ्यांत पडलेले कोन उचलण्याची पाळी. ती प्रत्येकाला येते, बरेच जण तोंड वाकडं करतात. मी तर पाळीला वळणाची जागा मागून घेतो. एकाच ठिकाणी तीस गाड्या बघायला मिळतात: कुणाची पुढची चाकं सरळच घसरत जातात, कुणाची मागची सुटतात. फक्त गाडीकडे पाठ करायची नाही, आणि फोन खिशात.

कुणी विचारेल, या खेळासाठी कुठली गाडी घेऊ? रोज वापरता ती आणा. चाकांचे नट आवळलेले हवेत, बॅटरी घट्ट बसलेली हवी. डिकी रिकामी करा, पायाखालची चटई काढा; ती ब्रेकच्या पेडलखाली सरकते. हेल्मेट नसेल तर आयोजकांना आधी विचारा, पुष्कळदा तेच देतात. टायर पुढच्या वर्षी बघू.