बातमीचा धनी कोण?

(दृश्य : गंगापूर रोड, सकाळची रहदारी. कॅमेरा हळूहळू वर सरकतो.)

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘आकाशवाणी टॉवर’ एवढं सांगितलं की पुरतं. गंगापूर रोडवरची ही खूण लोकांच्या पत्त्यांत जाऊन बसली आहे. आकाशवाणीचं नाशिक केंद्र लागतं 101.4 मेगाहर्ट्झवर. एफएमवर खासगी केंद्रंही आहेत. गाणी आहेत, गप्पा आहेत. पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. बातम्या द्यायच्याच असतील तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. म्हणजे आपल्या देशात रेडिओवरची बातमी एकाच घरातून येते. त्या घराचा धनी कोण, हे म्हणूनच विचारायला हवं.

(दृश्य : लासलगाव बाजार समिती. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग.)

7 डिसेंबर 2023. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी बाजार समित्यांत लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. अशा दिवशी ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला भाव तर कळायला हवाच. पण निर्णय का झाला, कुणाला विचारून झाला, हेही कुणीतरी त्याच्या वतीने विचारायला हवं. इथे निर्णय केंद्राचा. बातमी देणारी संस्था केंद्राच्या अनुदानावर चालणारी. त्या संस्थेच्या वरच्या खुर्च्यांवर कोण बसणार, हेही दिल्लीतच ठरतं. आकाशवाणीत मन लावून काम करणाऱ्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना ताठ मानेने प्रश्न विचारता यावा, अशी व्यवस्था आपण त्यांना दिलेली नाही.

(दृश्य : जुन्या रेडिओच्या तबकडीवर सरकणारा काटा.)

हे दुखणं जुनं आहे. 26 जून 1975 च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणीची बातमी देशाला दिली ती आकाशवाणीवरूनच. काही दिवसांतच माहिती आणि नभोवाणी मंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्याकडचं खातं काढून विद्याचरण शुक्लांकडे दिलं गेलं. पुढे जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली. 1978 मध्ये समितीने आकाशवाणी-दूरदर्शनसाठी ‘आकाश भारती’ नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला. लालकृष्ण अडवाणी मंत्री असताना 1979 मध्ये विधेयक आलं, पण ते न्यासाच्या कल्पनेपेक्षा पातळ होतं, आणि लोकसभाच विसर्जित झाल्याने बारगळलं.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या स्वायत्त संस्थेचा, प्रसार भारतीचा, कायदा 1990 मध्ये झाला आणि सात वर्षं पडून राहिला. सरकारं आली, गेली. अंमलबजावणीची अधिसूचना काही निघेना. मधेच 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. अखेर 1997 मध्ये कायदा लागू झाला, तेव्हा पंतप्रधान होते तेच इंद्रकुमार गुजराल. ज्यांच्या हातून 1975 मध्ये हे खातं गेलं, त्यांच्याच काळात ही दारं उघडली.

उघडली, पण किलकिलीच.

(दृश्य : कायद्याची पानं. एकेका ओळीवर प्रकाश.)

प्रसार भारतीच्या अध्यक्षाची निवड तिघांची समिती करते : राज्यसभेचे सभापती, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तेव्हा तिसरं नाव कुठून येतं हे वेगळं सांगायला नको. कलम 23 नुसार राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी एखादी गोष्ट प्रसारित करा किंवा करू नका, असा आदेश केंद्र देऊ शकतं.

आणि पैसा? 2018 मध्ये प्रसार भारतीचे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश यांनी उघडपणे सांगितलं की मंत्रालयाकडून पगाराची रक्कम न आल्याने राखीव निधीतून पगार करावे लागले. दोघांमधल्या करारावर सही झाली नव्हती, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. ज्याच्या हातात पगार, त्याच्या बातमीत खोट काढायला किती धीर लागत असेल! सूर्यप्रकाश 2020 च्या फेब्रुवारीत पायउतार झाले. त्यानंतर ही खुर्ची थेट मार्च 2024 पर्यंत रिकामी होती. चार वर्षं. एखाद्या ग्रामपंचायतीचं सरपंचपद इतके दिवस रिकामं राहिलं असतं तर गावाने तहसील गाठलं असतं.

काँग्रेस असो, जनता असो, भाजप असो, विरोधात असताना सगळ्यांनी स्वायत्तता मागितली. सत्तेत आल्यावर दोरी कुणीच सोडली नाही.

(दृश्य : पुणे स्टेशनवरून फिरत कॅमेरा आकाशवाणीच्या इमारतीकडे.)

जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचं ठरलं. विरोध झाला आणि दिल्लीहून स्थगिती आली. पुण्याच्या बातम्या वाचल्या याचा आनंद मलाही झाला. पण स्वायत्त म्हणवणाऱ्या संस्थेचा निर्णय थांबवायला लोकांना मंत्र्यांचं दार ठोठवावं लागलं, ते मनात सलत राहतं.

(दृश्य : पुन्हा नाशिक. संध्याकाळ. टपरीवरचा रेडिओ.)

याच कायद्यात कलम 13 आहे. बावीस खासदारांची समिती : पंधरा लोकसभेचे, सात राज्यसभेचे. प्रसार भारतीवर सरकारने नव्हे, संसदेने लक्ष ठेवावं म्हणून. ही समिती आजवर नेमलीच गेली नाही.

नाशिक जिल्ह्यातली मतं तीन लोकसभा मतदारसंघांत जातात : नाशिक, दिंडोरी आणि धुळे. तिन्ही खासदार गावात येतात, कांद्यावर बोलतात. पुढच्या वेळी आले की भावाबरोबर एवढंही विचारा : कलम 13 ची समिती कधी नेमणार, आणि तुम्ही त्यासाठी सभागृहात प्रश्न कधी टाकणार?