पांढरा धूर

ग्वाल्हेर. जानेवारीतली सकाळ, सात वाजलेत. किल्ला धुक्यात गडप. गॅरेजसमोर एक जुनी डिझेल पिकअप.

(सेल्फचा आवाज)

ऐका. सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन मात्र पेटत नाही. आता मागे बघा, सायलेन्सरकडे.

मेकॅनिक काका त्या पांढऱ्या धुरात नाक खुपसतात. धुक्याच्या दिवसांत वाफही पांढरीच दिसते, पण वाफेने डोळे चुरचुरत नाहीत. हे कच्चं डिझेल. धूरच नसता तर फिल्टर तुंबलाय किंवा पाइप एअर घेतोय, असं धरलं असतं. इथे डिझेल आत पोचतंय आणि न जळता बाहेर पडतंय.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली, तिचंच हे लष्कर, शहराचा हा भाग. काकांच्या घरातलं मराठीही त्या छावणीचंच. फक्त धुराला ते धुआँ म्हणतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण वीस पट दाबली की इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. चार-पाच अंशांच्या थंडीत गार लोखंड ती ऊब गिळून टाकतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग. दुपारी ही पिकअप पहिल्या सेल्फला सुरू होते, ओढतेही छान. कॉम्प्रेशन, म्हणजे हा हवेचा दाब, गेलं असतं तर दुपारीही रडली असती. गाडीचा मालक गॅरेजोगॅरेज हेच सांगत फिरला. त्याला मिळाली नवी बॅटरी, चार नवे प्लग आणि भंगारात काढण्याचा सल्ला.

काका एक प्लग खोलतात, बॅटरीला जोडतात. टोक बघा. काळं. तांबूस. लालभडक! चारही प्लग चांगले.

मग टेस्ट लॅम्प. या वयाच्या गाडीला स्कॅनरचं सॉकेट नसतं, आणि इथे त्याची गरजही नाही. चिमटा बॉडीला, टोक प्लगच्या पट्टीवर. चावी फिरवली. दिवा लागला नाही. रिलेत, म्हणजे प्लगांना करंट सोडणाऱ्या स्विचमध्ये, येणाऱ्या वायरवर लागतो, पुढे जाणाऱ्या वायरवर नाही. काका रिले उपसतात. ओलीने टर्मिनल हिरवंगार झालंय. गेले तीन आठवडे प्लगांना करंटच मिळत नव्हता.

पॉलिश पेपरने घासणं चालू आहे. मिनिटभर बघत राहावं असं.

भाजीच्या बुडालेल्या फेऱ्यांचा हिशेब मालकाकडे आहे.

दुसरी सकाळ. तेच धुकं. चावी फिरवली. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं.

आता सेल्फ.

(इंजिनाचा आवाज)