खेतवाडीचा पोटमाळा आणि मॉन्ट्रियलचा कवी

नमस्कार मंडळी.

परवा माझ्या नातवाने क्रिसेंट स्ट्रीटवरून जाताना विचारलं, "आजी, भिंतीवरचे हे आजोबा कोण?" वीस मजल्यांहून उंच चित्र, डोक्यावर हॅट, हात छातीवर. माउंट रॉयलच्या कठड्यावरून शहराकडे पाहिलं तरी ते दिसतात. कोजागिरीचं दूध आटतंय तोवर त्या लेनर्ड कोहेन यांच्याबद्दल, आपल्या मॉन्ट्रियलच्या कवी-गायकाबद्दल, बोलते. त्यांची तरुणपणची गाणी सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मी सांगणार आहे ते साठीनंतरचं.

1934 साली ते इथेच, वेस्टमाउंटमध्ये जन्मले. 1993च्या दौऱ्यानंतर त्यांनी मंच सोडला आणि लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात जाऊन राहिले. 1996 साली भिक्षूची दीक्षा घेतली. गुरूंनी नाव दिलं 'जिकान', म्हणजे मौन. तिथे ते पहाटे उठत, ध्यानाला बसत, वयोवृद्ध गुरूंसाठी स्वयंपाक करत. पण तरुणपणापासून मागे लागलेलं नैराश्य काही गेलं नाही.

मठात त्यांच्या हाती रमेश बाळसेकरांचं एक पुस्तक आलं. 1999 साली मठ सोडून ते थेट मुंबईला गेले. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले, आणि अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज यांचे शिष्य. महाराज म्हणजे मूळचे सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे मारुती कांबळी. मुंबईत विडीचं दुकान चालवायचे आणि खेतवाडीतल्या आपल्या पोटमाळ्यावर जमलेल्या लोकांशी बोलायचे, तेही मराठीत. परदेशी लोक येत, तेव्हा बाळसेकर त्यांच्यासाठी इंग्रजीत सांगत. महाराज 1981 साली गेले. पुढे बाळसेकर स्वतःच्या घरी रोज सकाळी लोकांना भेटू लागले. कोहेन केम्प्स कॉर्नरजवळच्या साध्या हॉटेलात उतरायचे, चालत बाळसेकरांकडे जायचे आणि खाली बसून ऐकायचे. नंतरही ते अनेकदा मुंबईला आले.

त्याच काळात त्यांचं नैराश्य ओसरलं. मुंबईने त्यांना बरं केलं, असा दावा मी करणार नाही. त्यांनी स्वतःही तो केला नाही. वयाबरोबर चिंतेच्या पेशी मरतात असं कुठेतरी वाचलंय, एवढंच ते म्हणत. पण आपल्या भाषेत, एका पोटमाळ्यावर बोलले गेलेले शब्द दोन हात पार करून आपल्याच शहरातल्या कवीपर्यंत पोहोचले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग घाव बसला. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना कळलं की विश्वासातल्या माणसाने निवृत्तीसाठी ठेवलेले पन्नास लाख डॉलर्सहून अधिक पैसे काढून घेतले आहेत. कोर्टाचा निकाल बाजूने लागला, पण पैसे हाती आले नाहीत. मे 2008 मध्ये, पंधरा वर्षांच्या खंडानंतर, न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टनच्या लहानशा नाट्यगृहातून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वय 73. डिसेंबर 2013 मध्ये ऑकलंडला थांबेपर्यंत साडेतीनशेहून अधिक कार्यक्रम झाले होते, एकेक तीन-तीन तासांचा. सप्टेंबर 2009 मध्ये व्हॅलेन्सियाला ते मंचावरच बेशुद्ध पडले. तीन दिवसांनी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बार्सिलोनात गात होते! त्या मैफलींची चित्रफीत जरूर पाहा. साथीदार वाजवू लागला की हे हॅट काढून छातीशी धरत आणि तो संपवेपर्यंत मान झुकवून ऐकत. आपल्याकडे गवई तबलजीच्या जागेला दाद देतो, तशीच ही दाद. गरज पैशाची होती हे खरं, पण पैशासाठी कोणी असं ऐकत नाही.

सन्मान याच वर्षांत एकामागून एक आले. 2003 साली 'ऑर्डर ऑफ कॅनडा' या राष्ट्रीय सन्मानातला सर्वोच्च दर्जा, 2008 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, 2010 मध्ये जीवनगौरव ग्रॅमी. 2011च्या ग्लेन गूल्ड पुरस्काराचे 50,000 डॉलर्स त्यांनी कॅनडाच्या कला परिषदेला देऊन टाकले. याच माणसाने 1968 साली गव्हर्नर जनरलचा कविता पुरस्कार नाकारला होता. माझ्या कविताच तो घेऊ देत नाहीत, असं कळवून.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 2011चा स्पेनचा साहित्य पुरस्कार. तिथल्या ओव्हिएदो शहरात पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या मॉन्ट्रियलचीच गोष्ट सांगितली. आईच्या घराला लागून असलेल्या सार्वजनिक बागेत एक तरुण स्पॅनिश मुलगा गिटार वाजवत होता. त्याने तीन दिवस यांना शिकवलं, फक्त सहा कॉर्ड, म्हणजे गिटारचे सहा स्वरमेळ. चौथ्या दिवशी तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याने जीव दिला होता. त्याचं नाव-गाव काही ठाऊक नाही, पण माझी सगळी गाणी त्या सहा कॉर्डवर उभी आहेत, असं कोहेन त्या भरसभेत म्हणाले. पुरस्कार घेताना त्यांनी कृतज्ञता आधी त्या मुलापाशी ठेवली. हे भाषण मी किती वेळा ऐकलं असेल! दर वेळी डोळे भरून येतात.

हयातीतला शेवटचा अल्बम, 'यू वॉन्ट इट डार्कर', 21 ऑक्टोबर 2016 रोजी आला. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी घरीच खास खुर्चीत बसून गायलं. मुलगा अॅडमने निर्मिती सांभाळली. मागे ऐकू येतो तो इथल्याच शार हाशोमायिम सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, गायकवृंदाचा आवाज. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या सिनेगॉगचं अध्यक्षपद सांभाळलं होतं. अल्बमच्या शीर्षकगीतात एक हिब्रू शब्द येतो, 'हिनेनी', म्हणजे 'हा मी, हजर'. सतराच दिवसांनी, 7 नोव्हेंबरला, ते गेले. त्याच शीर्षकगीताला 2018 साली ग्रॅमी मिळालं.

जगाला बातमी कळली तोवर त्यांना इथे आणून माउंट रॉयलच्या उतारावर, आईवडिलांशेजारी, साध्या लाकडी पेटीतून पुरलंही होतं. त्या रात्री व्हॅलिएर्स रस्त्यावरच्या त्यांच्या घराच्या पायरीवर लोक मेणबत्त्या ठेवून गात होते. थडग्यावर आजही कोणी ना कोणी, ज्यू रीतीप्रमाणे, खडे ठेवून जातं. पुढच्या रविवारी, पानं पूर्ण गळायच्या आत, मी नातवाला घेऊन जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मला सांगा, आपण बरोबरच चढू.