फर्स्ट इयर जड गेलेल्या पोरांसाठी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय एमबीबीएसचं पहिलं वर्ष ज्यांना जड गेलं त्या पोरापोरींशी, आणि त्यांच्या आईवडिलांनी पण रेडिओ बंद करू नका, तुमच्यासाठीही दोन गोष्टी आहेत.

आपल्या सोलापुरात वैशंपायन मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठून कुठून पोरं येतात. नीटमध्ये मार्क पडले की गावच्या चौकात फ्लेक्स लागतो, फोटोखाली ‘भावी डॉक्टर’, सगळ्या भावकीची नावं, आणि वर्षभराने अॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनेचा विषय, राहिली की तोच फ्लेक्स डोळ्यासमोर नाचायला लागतो. मग पोरगं सणाला घरी जात नाही, घरचा फोन उचलत नाही, मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर एकटंच जेवून येतं. माझं म्हणणं असं की नापास होण्यापेक्षा हे तोंड लपवणं जास्त नुकसान करतं, कारण ज्यांच्याकडून मदत मिळायची, म्हणजे सिनिअर, रूम पार्टनर, डिपार्टमेंटचे सर-मॅडम, नेमके तेच तुटतात.

हुशारी कमी पडली असं पहिल्यांदा डोक्यातून काढा. नीटला ७२० मार्कांचा पेपर, चार पर्याय समोर, बरोबर कुठला ते ओळखायचं. इथं समोर कोरा कागद असतो, नाहीतर विवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हातात हाड घेऊन बसलेले एक्झामिनर. वाचलेलं ओळखणं वेगळं आणि काहीच समोर नसताना आठवून सांगणं वेगळं, आणि आपण वर्षभर वाचतोच, हायलायटर मारतो, यूट्यूबचे लेक्चर दीडपट स्पीडने बघतो, सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपरला हात चालत नाही.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, घ्या. पुस्तक बंद करा, कोरा कागद घ्या. पाच रूट्स, सी फाइव्ह ते टी वन. त्यांचे तीन ट्रंक, प्रत्येक ट्रंकचे दोन डिव्हिजन, त्यातून तीन कॉर्ड, आणि मग नर्व्हस्. पहिल्यांदा काढताना पोस्टेरिअर कॉर्डपाशी अडकाल. अडकू द्या, लगेच पुस्तक उघडू नका, थोडं डोकं खाजवा, मग बघा, आणि उद्या परत कोऱ्या कागदावर काढा, चार दिवसांनी परत. रेडिअल नर्व्ह ह्युमरसला, म्हणजे दंडाच्या हाडाला, मागून वळसा घालून जाते हे हाड हातात धरून बोटाने दाखवत मोठ्याने बोला, म्हणजे पुढं वॉर्डात दंडाचं हाड मोडलेला, मनगट वर उचलता न येणारा पेशंट आला की पाठांतराची गरजच पडणार नाही.

मराठी मीडियमवाल्यांचं दुखणं अजून वेगळं. उत्तर येत असतं पण विवाला इंग्रजीत वाक्यच सुरू होत नाही. समजून घ्या मराठीतच, त्यात काही कमीपणा नाही, पण रोज रात्री रूम पार्टनरसमोर एक उत्तर तरी इंग्रजीत मोठ्याने बोला, तुटकंमुटकं चालेल. आणि झोप मोडू नका, रात्र रात्र जागून वाचलेलं टिकत नाही.

आता नियम. नापास झालात तर सप्लिमेंटरी, म्हणजे फेरपरीक्षा, आहे, त्यातही राहिलं तर खालच्या बॅचसोबत बसायचं. फर्स्ट इयरला जास्तीत जास्त चार अटेम्प्ट आणि सगळा कोर्स नऊ वर्षांच्या आत. घाबरवायला सांगत नाहीये, पण ‘यावेळी नुसतं बसून बघू’ असं करू नका, अर्धवट पेपर दिले तरी अटेम्प्ट मोजला जातो.

काठावर पास झालेल्यांनो, तुम्ही पण ऐका. सेकंड इयरला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, येते, तिथं सिम्पथेटिक-पॅरासिम्पथेटिक, म्हणजे हृदय-पोटाचं काम आपोआप कमीजास्त करणाऱ्या नसांचा भाग, कच्चा असेल तर औषधांची नुसती नावं घोकत बसाल. सुट्टीत फिजिऑलॉजीचा, म्हणजे शरीर चालतं कसं त्या विषयाचा, तेवढा भाग तरी नीट करून घ्या.

आईवडिलांनो, फोनवर पहिलाच प्रश्न ‘निकाल काय लागला’ असा विचारू नका. जेवलास का, झोप होते का, हे विचारा, आणि शेजारच्यांना काय सांगायचं ही काळजी तुमची तुम्ही सांभाळा, लेकराच्या डोक्यावर टाकू नका. पोरगं गप्प गप्प झालं, खाणं तुटलं, जगून काय उपयोग असलं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच जाऊन भेटा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पोरांनो, तुम्ही स्वतः पण लावू शकता, घरी कळवावंच लागतं असं काही नाही.

आणि सोमवारी एक काम करा. कॉलेजच्या इंटरनल परीक्षेचे पेपर घेऊन ज्या सर-मॅडमची भीती वाटते त्यांच्याच केबिनमध्ये जा आणि विचारा, सर, मार्क नेमके कुठं गेले?